झीलकरी

पोवाड्यात शाहीर पुढे असतो. हातात डफ, डोक्याला तुऱ्याचा फेटा, नजर थेट गर्दीच्या शेवटच्या रांगेवर. त्याच्या मागे दोन-तीन माणसं उभी असतात. एकाकडे तुणतुणं, एकाकडे झांज. शाहिराचा दम संपत आला की ही माणसं ओळीचं शेपूट पकडतात, 'जी जी' करत ते हवेत धरून ठेवतात आणि शाहीर नवा श्वास घेऊन आला की मुकाट्याने मागे सरतात. त्यांना झीलकरी म्हणतात. कार्यक्रमाच्या पत्रिकेत 'आणि सहकारी' एवढ्या दोन शब्दांत ती सगळी मावतात.

आमचे तात्या, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते, झीलकरी होते. सांगलीकडच्या एका शाहिरी पार्टीत त्यांनी उमेदीची वर्षं काढली. पहाटे परत यायचे, तासभर पडायचे आणि धारेला उठायचे. गोठ्यात म्हशीखाली बसले की अगदी हलक्या आवाजात बैठकीची एखादी लावणी म्हणायचे. म्हशीला त्या आवाजाची सवय होती. आम्ही मुलं मागे येऊन उभी राहिल्याचं कळलं की ते थांबायचे. "जावा, चहा झाला का बघा," म्हणायचे.

इब्राहिम फेरेरबद्दल लिहायला बसले आणि आधी तात्याच येऊन उभे राहिले. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तात्यांना क्यूबा नावाचं बेट आहे हेही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण इब्राहिमचा आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला शेणाचा आणि गरम दुधाचा वास आला होता, हे खरं.

क्यूबाच्या पूर्वेला सांतियागो शहराजवळ सान लुईस नावाचं उसाच्या मुलखातलं गाव आहे. 20 फेब्रुवारी 1927 ला इब्राहिम तिथे जन्मला. त्याची आई एका क्लबात नाचाच्या कार्यक्रमाला गेली होती आणि तिथेच तिला कळा सुरू झाल्या, असं तो सांगत असे. बाकीचं आयुष्य पाहता ही सुरुवात फारच शोभिवंत म्हणायची. बारा वर्षांचा असताना आई गेली. एकुलता एक मुलगा. रस्त्यावर गोळ्या-मिठाई वीक, मक्याच्या लाह्या वीक, असं करून तो जगला. 1941 मध्ये घरातल्याच पोरांना धरून एक गाणारी टोळी काढली. दिवसा हाताला मिळेल ते काम, रात्री नाचाच्या कार्यक्रमात गाणं. पुढची पन्नास वर्षं त्याचं वेळापत्रक थोड्याफार फरकाने हेच राहिलं.

आता बोलेरोबद्दल. आपल्याकडे बोलेरो म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती वऱ्हाड कोंबून, धुरळा उडवत तालुक्याकडे निघालेली गाडी. ती क्षणभर बाजूला उभी करू. स्पेनमध्ये या नावाचा तीन मात्रांचा एक नाच आहे, पण क्यूबाने त्याचं फक्त नाव ठेवलं आणि आतलं सगळं बदललं. 1880च्या दशकात सांतियागोमध्ये पेपे सांचेस नावाच्या माणसाने 'त्रिस्तेसास' हे गाणं बांधलं, तो पहिला बोलेरो मानतात. नावाचा अर्थ 'दुःखं'. नावापासूनच या गाण्याने आपला मुक्काम कुठे ते सांगून टाकलं. पेपे सांचेसला स्वरलिपी येत नव्हती. धंद्याने तो शिंपी होता. आपल्याला नामदेवांमुळे शिंप्याने गाणं करण्याचं फारसं नवल वाटू नये.

बोलेरो संथ असतो. गिटार किंवा पियानो, मागे बोंगोची टिपटिप, मराकसची वाळू सरकल्यासारखी खुसखुस, आणि एक माणूस दुसऱ्या माणसाला काहीतरी सांगतोय. बहुधा उशीर झालेला असतो. ती निघून गेलेली असते, किंवा जाणार हे ठरलेलं असतं. क्यूबाचं दुसरं मोठं गाणं म्हणजे सोन. ते नाचाचं, त्यात कोरस असतो, सवाल-जवाब असतो, घामाघूम होणं असतं. फडाची लावणी आणि बैठकीची लावणी यांत जो फरक, साधारण तोच सोन आणि बोलेरोत. फडावर सगळं अंग गातं. बैठकीत गाणारी बसलेली असते, आणि एका शब्दावर भुवई किती उचलायची याचाही हिशेब असतो.

इब्राहिमला बोलेरो गायचा होता. लहानपणापासून. आणि त्याला सांगण्यात आलं, की तुझा आवाज त्यातला नाही.

हे एकदा कोणी एकाने सांगितलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. तसं नसतं. वाद्यवृंदात कामं वाटली जातात तेव्हा हळूहळू ते ठरत जातं. हा बोलेरो गाईल, तो सोन गाईल, तू मागे राहा. इब्राहिमचा आवाज उंच, नाकातून किंचित घासून येणारा, चटपटीत. नाचाच्या गाण्यात ऐनवेळी ओळी रचून टाकायला उत्तम. त्यामुळे तो त्याच खान्यात गेला. 1950च्या दशकात त्याने सांतियागोच्या 'चेपिन-चोवेन' वाद्यवृंदाबरोबर 'एल प्लातानाल दे बार्तोलो' हे गाणं गायलं. बार्तोलोची केळीची बाग. गाणं पूर्व क्यूबात गल्लोगल्ली वाजलं. पण तबकडी वाद्यवृंदाच्या नावाची. केळीची बाग सगळ्यांना ठाऊक झाली आणि माळी कोण हे कोणी विचारलं नाही.

1957 मध्ये तो हवानाला आला. तिथे बेनी मोरेचं राज्य होतं. रुंद काठाची टोपी, हातात छडी, चाळीस माणसांचं म्हणावं असं वादळ उठवणारा वाद्यवृंद आणि बोलेरो असा गायचा की समोरच्या बायकांनीच नव्हे, त्यांच्या नवऱ्यांनीही डोळे पुसावेत. बेनी सोनही गायचा, बोलेरोही गायचा. त्याला कोणी खाना दाखवण्याची टाप नव्हती. इब्राहिमने या बेनीच्या मागे कोरसमध्ये गाणं केलं. म्हणजे तो आवाज रोज रात्री त्याने दोन-चार हातांवरून पाठीमागून ऐकला. बेनी 1963 मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी दारूने गेला.

इब्राहिम पाचो आलोन्सोच्या वाद्यवृंदातही होता. त्यांच्याबरोबर 1962 मध्ये युरोपचा दौरा झाला, मॉस्कोही पाहिलं. त्याच सुमारास रशियाची क्षेपणास्त्रं त्याच्या बेटावर उतरली होती आणि जग श्वास रोखून बसलं होतं. पुढे 'लोस बोकुकोस' नावाचा संच. त्यात तो वर्षानुवर्षं गायला, निवृत्त होईपर्यंत. या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि तेच मला सांगण्यासारखं वाटतं. एक माणूस रोज कामावर जातो, गातो, घरी येतो. गाणं ही त्याची नोकरी असते. तात्यांना कोणी विचारलं की काय करता, तर ते "शेती" म्हणायचे.

1991 मध्ये त्याने गाणं सोडलं. त्याच वर्षी सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाचं तेल, धान्य, साबण, सगळंच आटलं. सरकारने त्या हलाखीला 'विशेष काळ' असं नाव दिलं. सरकारी भाषेला कुठल्याही देशात विनोदबुद्धी असते ती अशी नकळत. पेन्शन पुरेना. इब्राहिम हवानाच्या रस्त्यावर बूट पॉलिश करू लागला. लॉटरीची तिकिटंही विकली.

मार्च 1996 मध्ये हुआन दे मार्कोस गोन्झालेस हा संगीतकार त्याला शोधत आला. जुन्या पिढीच्या गायकांना एकत्र आणून ध्वनिमुद्रण चाललं होतं, त्यात एक मऊ आवाज कमी पडत होता. इब्राहिम यायला तयार नव्हता. गाण्याने मला काय दिलं, असं त्याचं म्हणणं. हुआन हटेना, तेव्हा निदान आंघोळ तरी करून येतो म्हणाला, कारण अंगाला पॉलिश लागलं होतं. हुआन म्हणाला, वेळ नाही, असाच चल.

स्टुडिओ सान मिगेल रस्त्यावर. एके काळी तो 'पानार्त' कंपनीचा होता, क्रांतीनंतर सरकारी 'एग्रेम'चा झाला. लाकडी भिंतींची उंच खोली. तिथे अमेरिकेहून आलेला गिटारवादक राय कूडर होता, लंडनच्या रेकॉर्ड कंपनीचा निक गोल्ड होता. खरं तर त्यांचा बेत वेगळाच होता. आफ्रिकेतल्या माली देशाचे वादक येऊन क्यूबाच्या वादकांबरोबर वाजवणार होते. ते पोचलेच नाहीत. मग जे हाताशी होते त्यांना घेऊन काम सुरू झालं. पियानोवर रुबेन गोन्झालेस, वय 76, घरी पियानो उरलेला नाही, म्हणून स्टुडिओ उघडण्याआधीच दारात येऊन उभा राहणारा. नव्वदीला टेकलेला गायक कोम्पाय सेगुंदो. आणि गायिका ओमारा पोर्तुओंदो, जिला मात्र कोणी शोधून काढावं लागलं नव्हतं.

रुबेनने 'दोस गार्देनियास'चे सुरुवातीचे सूर सहज वाजवले आणि इब्राहिम गाऊ लागला. बोलेरो. सोनच्या खान्यातला माणूस, वय 69.

हे गाणं इसोलिना कारिय्योने बांधलेलं. स्पेनमध्ये जाऊन राहिलेल्या आंतोनियो माचिन या क्यूबन गायकाने ते तिकडे घरोघरी नेलं होतं. गार्देनिया म्हणजे आपला अनंत. गाण्यातला माणूस तिला अनंताची दोन फुलं पाठवतो आणि सांगतो, की एखाद्या संध्याकाळी ती मेली तर समज, तुझं मन दुसऱ्या कोणाकडे गेल्याचं त्यांना कळलं. आमच्या दारात अनंत आहे. त्याची कळी हिरवट, पिळलेल्या कपड्यासारखी. उमलतो तेव्हा इतका पांढरा की नजर ठरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पिवळा पडायला लागतो. आपोआप. कोणी दगा दिला न दिला, अनंत दोन दिवसांत पिवळा होणारच. म्हणजे ही फुलं पाठवणाऱ्या माणसाला उत्तर आधीच माहीत आहे. माचिन हे गाणं गातो तेव्हा तो इशारा देतोय असं वाटतं. इब्राहिम गातो तेव्हा फुलं पिवळी पडलेली त्याने पाहिली आहेत, आणि तरी तो त्यांना पाणी घालतोय.

त्याचा आवाज मोठा नाही. वरच्या सुरात जाताना किंचित कापतो, आणि ते कापणं तो लपवत नाही, दाखवतही नाही. पूर्वेकडच्या क्यूबन लोकांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतो, त्यामुळे शब्द टोक मोडलेल्या पेन्सिलीसारखे मऊ होतात. मला स्पॅनिश येत नाही. ही मोडलेली टोकं मात्र कळतात. आणि तो उशिरा येतो. ठोक्यावर येत नाही, किंचित मागून येतो. ज्यांनी आयुष्यभर पुढच्याचा श्वास संपण्याची वाट पाहिली, त्यांचा हा गुण आहे की खोड, मला सांगता येणार नाही. पण एकटा गाताना त्याच्यापुढे कोणीतरी उभं आहे, आणि त्या दिसत नसलेल्या माणसाची ओळ संपली की हा सुरुवात करतोय, असं दर वेळी वाटतं. त्याचं गाणं कायम उत्तरासारखं येतं.

बोंगो, मराकस आणि हा संथ झोका मला पहिल्यांदा ऐकताना अनोळखी वाटला नाही, याचं श्रेय बहुधा मुंबईच्या सिनेमाला. 1950च्या आसपास गोव्याचे वादक हे ताल हॉटेलांतल्या बँडमधून स्टुडिओत घेऊन आले. सी. रामचंद्रांच्या बरोबरीने चिक चॉकलेट हा ट्रंपेटवादक होता, त्याचं खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. क्यूबाची मराकस असा वळसा घेऊन आमच्या गावच्या हॉटेलातल्या रेडिओपर्यंत आलीच होती. फक्त पत्ता लिहिलेला नव्हता.

1997 मध्ये 'बुएना विस्ता सोशल क्लब' ही ध्वनिमुद्रिका निघाली. मुखपृष्ठावर जुन्या हवानाच्या रस्त्यातून चालत जाणारा पांढऱ्या टोपीतला शिडशिडीत माणूस आहे, तो इब्राहिम. आयुष्यभर मागे उभ्या राहिलेल्या माणसाला असं एकदम पुढच्या पानावर. तबकडीच्या लाखो प्रती गेल्या. 1 जुलै 1998 ला सगळा संच न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायला. दिग्दर्शक विम वेंडर्सने त्यांच्यावर चित्रपट केला.

इथे मला थोडं कुरकुरायचं आहे. 'विस्मृतीत गेलेले कलाकार जगाने शोधून काढले' असं तेव्हा जिकडेतिकडे छापून आलं. कोणाच्या विस्मृतीत? केळीच्या बागेचं गाणं सान लुईसच्या म्हाताऱ्यांना पाठ होतं. लोस बोकुकोसच्या तालावर क्यूबाच्या दोन पिढ्या नाचल्या होत्या. बाहेरच्या माणसाला एखादी विहीर दिसली की ती 'सापडते'. गाव तिचं पाणी पितच असतं. अर्थात पाणी पिणाऱ्या गावाने इब्राहिमला बूट पुसायला बसवलं होतं, हेही तितकंच खरं. कूडर आला नसता तर आपण हा आवाज ऐकला नसता. मी ज्याच्यावर कुरकुरते आहे, त्याचीच ऋणी आहे.

वेंडर्सच्या चित्रपटात इब्राहिम आपल्या घरातला सान लासारो दाखवतो. कुबड्या घेतलेला, अंगावर जखमा असलेला, पायाशी कुत्रे असलेला हा संत. आफ्रिकेहून गुलाम म्हणून आणलेल्यांनी आपला देव बाबालू आये या संताच्या रूपात लपवला, म्हणून दोन्हीकडचे लोक त्याला मानतात. 17 डिसेंबरला हवानाबाहेरच्या एल रिंकोनला लोक नवस फेडायला गुडघ्यांवर सरपटत जातात. इब्राहिम त्याच्यापुढे मध ठेवतो, अत्तर शिंपडतो आणि घोटभर रम देतो. आपल्याला आवडते ती त्यालाही आवडत असणारच, असा त्याचा सरळ हिशेब. गोव्यात राखणदाराला सोरो आणि विडी देणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

त्याच चित्रपटात तो आणि ओमारा 'सिलेन्सिओ' गातात. पोर्तो रिकोच्या राफाएल एर्नांदेसचा बोलेरो. बागेत निशिगंध आणि गुलाब झोपले आहेत, त्यांना माझं दुःख कळू देऊ नका, नाहीतर ती मरतील, असा त्याचा आशय. गाता गाता ओमाराच्या डोळ्यांत पाणी येतं. इब्राहिम हात पुढे करून तिचा डोळा पुसतो. मी तो प्रसंग पुष्कळदा पाहिला आहे. कॅमेऱ्यासाठी केलं असेल का, असं एकदा मनात आलं होतं. पुन्हा पाहिलं. हात जातो तो प्रेक्षकांकडे न बघता, आणि त्याची ओळ चुकत नाही. साथीला उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष शेजारच्याच्या श्वासाकडे असतं, त्यामुळे त्याला पाणी आधी दिसलं असणार.

1999 मध्ये त्याच्या एकट्याच्या नावाची ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा तो 72 वर्षांचा होता. तीत 'कोमो फुए' आहे. एर्नेस्तो दुआर्तेचा बोलेरो, पण क्यूबात तो बेनी मोरेचाच. ज्याच्या मागे उभं राहून झील धरली, त्याचं गाणं आता पुढे येऊन गायचं. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. बेनी प्रेमात पडल्याचं सांगतो तेव्हा छाती भरून येते, तो खोलीचं दार ढकलून आत येतो. इब्राहिम दाराशीच उभा राहतो. कुठे बेनीची बरोबरी करायला जात नाही. एका जागी तर बेनीने जिथे सूर ताणून धरला होता तिथे हा सोडून देतो, जणू ती जागा अजून त्याचीच.

पुढचं भराभर सांगते, कारण यशाच्या गोष्टी एकसारख्या असतात. 2000 साली पहिल्याच लॅटिन ग्रॅमी सोहळ्यात त्याला पुरस्कार मिळाला, 'सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार' म्हणून. वय 73. 'बुएनोस एर्मानोस' या पुढच्या ध्वनिमुद्रिकेला 2004 मध्ये ग्रॅमी मिळालं, पण अमेरिकेने व्हिसा नाकारला. देशाच्या हिताला बाधक ठरतील अशा लोकांना अडवण्याचं जे कलम आहे, ते लावून. सत्त्याहत्तरीला आलेला, सान लासारोला मध ठेवणारा माणूस.

मग तो त्या एका कामाकडे वळला. फक्त बोलेरोंची ध्वनिमुद्रिका. एकही नाचाचं गाणं नाही. पियानोवर रोबेर्तो फोन्सेका, नातवाच्या वयाचा. नाव 'मी सुएन्यो', म्हणजे 'माझं स्वप्न'. 2005च्या उन्हाळ्यात तो हेच बोलेरो घेऊन युरोपभर फिरला, हवानाला परतला आणि काही दिवसांत, 6 ऑगस्टला, 78व्या वर्षी गेला. ध्वनिमुद्रिका त्याच्यामागे निघाली. तीत आवाज आणखी बारीक झालाय, काही ठिकाणी नुसता श्वासच शब्दांच्या आकाराचा आहे. तुझा आवाज यातला नाही, असं सांगणारे तोवर बहुतेक गेलेले होते. 2023 मध्ये युनेस्कोने क्यूबा आणि मेक्सिकोचा बोलेरो मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतला, त्याच बैठकीत गुजरातचा गरबाही. पेपे शिंप्याला हे कसं वाटलं असतं कोण जाणे.

गेल्या दिवाळीत गावचं घर आवरताना एक कॅसेट सापडली. वर निळ्या शाईत शाहिराचं नाव, गावाचं नाव, जत्रेचं साल. तात्यांचं नाव नव्हतं. वाजवायला यंत्र मिळेपर्यंत महिना गेला. आधी नुसती खरखर, मग माइकवाल्याचं "हॅलो हॅलो", मग डफ. शाहिराचा आवाज अजूनही भिंती हलवणारा. मी तो ऐकत नव्हते. ओळ संपायला आली की कान पुढे करून बसायची. झील धरणारे तीन आवाज आहेत. पहिला जाड, घाई करणारा. दुसरा त्याला चिकटून. आणि त्यांच्या मागून, दोघं पोचल्यावर, किंचित उशिरा येणारा तिसरा.